ताऱ्याचं अंतर, सरांची सही

दर सहा महिन्यांनी फोटो काढत चार वर्षांत तिने एका ठळक ताऱ्याचं अंतर मोजलं. बावीस प्रकाशवर्षं भरलं. पंचाईत एवढीच, की तीस वर्षांपूर्वी तिच्या मार्गदर्शक सरांनी ते पंचवीस मोजलं होतं आणि तिच्या पीएचडीच्या प्रबंधावर सही सरांचीच लागणार होती.

"म्हणजे माझं चुकलं?"

"तसं नाही सर, तेव्हाची दुर्बीण..."

"दुर्बिणीला नावं ठेवू नकोस. तारा सरकला असेल."

सहीचा विचार करून तिने मान डोलावली.

महिन्याभरात सरांनी जाहीर केलं, की तारा आपल्याच दिशेने येतोय. एकच हलकल्लोळ झाला. तारा रोखायला समिती नेमली गेली आणि अध्यक्ष अर्थातच सर. सहीला त्यांना सवडच मिळेना.

वर्षाने तिने पुन्हा मोजलं. "सर, बावीसच आहे. तारा जागचा हललेला नाही. आता तरी..."

सरांचे डोळे पाणावले. "शाब्बास!"

आठवड्याभरात तारा थांबवल्याबद्दल सरांचा जंगी सत्कार झाला. गर्दीत घुसून तिने कसाबसा प्रबंध पुढे केला. सरांनी हसतमुखाने वरच्या पुठ्ठ्यावर झोकदार सही ठोकली, खाली 'सप्रेम' लिहिलं आणि पुढच्या चाहत्याची वही हातात घेतली.