पावणेतीन फेरे

“पुन्हा फिरव,” गाडीखालून कोलीन ओरडली. “आणि नीट फिरव. शाफ्टवरची खडूची खूण भलतीकडेच थांबतेय.”

नॅडीनने मैत्रिणीचं ऐकून मागचं चाक हाताने पुन्हा फिरवलं. एक पूर्ण फेरा. “आता?”

“तेच. शाफ्टचे पावणेतीन.”

“चारला जरा कमी यायला हवेत. तुला मोजता येत नाही.”

“अगं बाई, मी रोज चार पोरं मोजून शाळेत सोडते. एकही हरवलं नाही अजून. पावणेतीन म्हणजे पावणेतीन.”

मोजायचं कारण साधं होतं. नॅडीनच्या १९७०च्या प्लिमथ गाडीचा मागचा एक्सल तेल गाळायला लागला होता. तिने त्याहून दणकट एक्सल मिळवला होता. तो आजच बसवायचा होता, कारण उद्या रविवार, मोसमातली शेवटची शर्यत. जुना एक्सल टेरे होट गावचा एकजण नेणार होता. तो फोनवर म्हणाला, “टॅगवर काय लिहिलंय ते नका सांगू. फेरे मोजून सांगा.”

बरोबरच होतं त्याचं. टॅग म्हणजे नटाखाली अडकवलेला पत्र्याचा तुकडा. कुणीही काढतो, कुठेही लावतो. नॅडीनला हे माहीत होतं. पण या टॅगवर तिने सहा वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तो रँडलने लावला होता. तिच्या नवऱ्याने.

टॅगवर लिहिलं होतं ३.९१. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे जवळजवळ चार. असे गियर असले की गाडी सुटताना पाठीत लाथ बसते. पावणेतीनवाले गियर वेगळे. ते हायवेवर निवांत फिरायला.

तिने नट काढले आणि एक्सलमधला गियरचा गोळा बाहेर ओढला. कोपरापर्यंत तेल आलं. मोठ्या गियरच्या कडेवर आकडा होता, ४७. तरी तिने दाते मोजले. बोट लावून, एकेक. सत्तेचाळीस. ३.९१च्या मोठ्या गियरला त्रेचाळीस असतात, पावणेतीनवाल्याला सत्तेचाळीस.

“दुकानाने चुकीचे दिले असतील,” कोलीन म्हणाली.

“दुकान टॅग लावत नाही.”

कोलीनने टॅग पालथा करून पाहिला. तो कुणी लावला होता ते दोघींनाही ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिंकली. दर फेरीत एक, असं सातजणांना मागे टाकलं. सातवा रँडलच होता. त्याच आठवड्यात तो म्हणाला, गियरचा दात तुटलाय, अगदी तसेच नवे टाकतो. त्यानंतर ती कधीच जिंकली नाही. तिने विचारलं नव्हतं असं नाही. शेवटच्या टप्प्यात इंजिन आधीसारखं ओरडत का नाही? तू पाय लवकर काढतेस. सुटताना गाडी झोपल्यासारखी का वाटते? तुझा हात उशिरा पडतो. पहिला रविवार नशिबाचा होता, नॅडी, सगळ्यांना एकदा मिळतो तसा. हे सगळं तो इतक्या प्रेमाने सांगायचा. ती हरली की तिच्यासाठी टेंडरलॉइन सँडविच आणायचा, लोणच्यातल्या काकडीच्या जास्त चकत्या घालून. आणि ती हात जलद व्हावा म्हणून स्वैपाकघरात शर्यत सुटायच्या इशाऱ्यासारखा लाल-हिरव्या दिव्यांचा खोका मांडून बसायची. सहा वर्षं.

“काय पोरींनो, झालं की नाही?” रँडल डोनटचा खोका घेऊन आत आला. मग त्याने जमिनीवरचा गोळा पाहिला. “हा कशाला काढला? नुसता एक्सल उतरवायचा होता ना?”

“सत्तेचाळीस,” नॅडीन म्हणाली.

 कोलीनने रँडलच्या हातातला खोका काढून घेतला. “हे तुला नाही मिळणार,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

“दात खरंच तुटला होता?”

“नाही.”

“बायकोकडून हरलास म्हणून? तुझे दोस्त हसले म्हणून?”

“हसू देत की. मला काय त्याचं.” तो उलट्या बादलीवर बसला. “मला वाटलं, दोन आठवडे ठेवायचे. मग जुने परत टाकतो. पण टाकले असते तर तुला गाडी सुटल्या सुटल्या कळलं असतं. मग राहिलं ते राहिलंच.”

“दोन आठवडे कशाला?”

त्याने स्वच्छ हात पँटला पुसले.

“तू जिंकलीस ना, त्या संध्याकाळी घरी फोन आला होता. तू अंघोळ करत होतीस. ओहायोच्या एका टीमचा माणूस होता. त्यांना ड्रायव्हर हवा होता. पगारी. वर्षाचे आठ महिने गावोगाव.”

 आमच्यासाठी चालवशील का, असं सहा वर्षांत नॅडीनला कुणी साधं विचारलंही नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

“काय सांगितलंस त्याला?”

“म्हटलं, नशिबाने जिंकली. तर म्हणाला, दोन रविवार येऊन स्वतःच बघतो.”

“आणि आला नाही,” नॅडीन म्हणाली. तिला ते तसंच हवं होतं.

“आला होता, नॅडी. दोन्ही रविवारी. माझ्याच शेजारी उभा राहून बघत होता.”