देवीला सांगायचं कारण

बाबाजी गुरवानं नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "आये गावदेवी, तुझं लेकरू मोरू आज दर्यापार लढाईवर चाललंय..."

"होय महाराजा!" देवळाच्या अंगणात जमलेला गाव एका गळ्यानं म्हणाला. देवी असली तरी म्हणायचं 'महाराजा'च. रीत पडली ती पडली.

आवडाबाई पदर मुठीत धरून खांबाशी उभी होती. मोरू तिचा एकुलता एक. पलटणीत नाव घालून आला होता, ते आता काढता येत नव्हतं. तिच्या हाती उरलं होतं ते एवढंच, की गुरवानं 'याला सुखरूप परत आण' म्हणावं आणि गावानं होय म्हणावं. गावानं होय म्हटलेलं देवी मोडत नाही, हे ती सासरी आल्यापासून धरून होती. बाहेर बैलगाडी जुंपलेली. रेवसला मुंबईची बोट गाठायची होती.

"थांब," म्हणत भागोजी पाटील पुढं सरसावला. आज त्यानं मुद्दाम ठेवणीतलं पागोटं बांधलं होतं. "नुसतं चाललाय काय? कशाला चाललाय ते सांग देवीला. पोलंड म्हणून गरीब मुलूख हाय. जर्मनानं तो गिळला. त्याला सोडवायला आपला बादशहा उठलाय. लाटसाहेबानं तसं जाहीर केलंय."

बाबाजीनं एक डोळा उघडला. पाटलाशी वाकडं घेऊन देवळाची जमीन कसायला राहिली नसती. त्यानं डोळा मिटला आणि पोलंड देवीच्या कानावर घातला.

"होय महाराजा!"

"देवीपुढं खोटं बोलता?" काँग्रेसचा रावजी टोपी सारखी करत उठला. "ह्या देशाला विचारलं कुणी? लोकांना स्वातंत्र्य मिळावं म्हणून लढतो म्हणतात. मग आमचं कुठं हाय? सरकारला तेच विचारलंय, तर तोंड उघडत न्हाय. बाबाजी, सांग देवीला, ही लढाई आपली न्हाय."

रावजीच्या मागं निम्मा गाव होता. बाबाजीनं तेही सांगितलं.

"होय महाराजा!"

तेच गळे. आवडाबाईनं नीट निरखून पाहिलं, एकही जीभ अडखळली नव्हती. तिला शिसारी आली.

"मागल्या लढाईतबी असाच कंचातरी गरीब मुलूख सोडवायचा होता," रावजी म्हणाला.

"बेल्जम. आन् सोडवला."

"आन् आपल्याला काय दिलं? पंजाबात गोळ्या."

"मुंबईत तुमच्याच लोकांना खुर्च्या दिल्यात की. त्या बऱ्या गोड लागल्या."

मग काय, दोघांच्याही तोंडाला लगाम राहिला नाही. पाटलाचे दोन्ही मुलगे खांबाला टेकून सुपारी चघळत होते. रावजीचा अलिबागला शिकायला होता. पोलंडला सोडवायला यांच्यापैकी कुणी निघालं नव्हतं, आणि लढाई आपली नाही म्हणणाऱ्यानंही मोरूचा हात धरून 'जाऊ नको' म्हटलं नव्हतं. मोरू बिचारा नवा सदरा घालून दोघांच्या मध्ये उभा होता, नि जो बोलेल त्याच्याकडं मान वळवत होता.

बाहेरून गाडीवाला ओरडला, "अरे, बोट काय थांबायची हाय?"

"बाबाजी," आवडाबाई म्हणाली, "माझा पोर परत यावा म्हण, आन् नारळ फोड."

"दम धर, बाय," पाटील म्हणाला. "आधी कारण ठरू दे. कारणाबिगर देवीकडं मागायचं कशाच्या जोरावर?"

"हे मात्र पाटलाचं बरोबर हाय," रावजी म्हणाला.

सकाळपासून मेल्यांचं एका गोष्टीवर जमलं, ते हे.

आवडाबाई खांब सोडून पुढं झाली आणि तिनं बाबाजीच्या हातातला नारळ काढून घेतला. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत त्या गावात नव्हती. बाबाजी चपापून मागं सरला.

"आये," ती म्हणाली, "कारण मला ठावं न्हाय. ह्यांनाबी ठावं न्हाय. माझा पोर जसा चाललाय तसा परत आण."

ती थांबली. आता गावानं म्हणायचं होतं. पाटलाची माणसं पाटलाकडं पाहू लागली, रावजीची रावजीकडं. पाटील आणि रावजी एकमेकांकडं पाहत राहिले. म्हणावं, तर मग मघाच्या वादाचं काय? कुणीतरी घसा खाकरला. तेवढंच.

"म्हणा की," ती म्हणाली.

कुणी म्हटलं नाही. तिनं पायरीवर नारळ आपटून फोडला.

"किडे पडोत तुमच्या तोंडात," ती सावकाश म्हणाली आणि मोरूचा हात धरून बाहेर आली.

मायलेकांना घेऊन गाडी बांधावरून वळणाला लागली, तोवर मागं देवळात आवाज पुन्हा चढले होते. कोण काय म्हणत होतं ते कळत नव्हतं. मग मधेच सगळं शांत झालं आणि पाठोपाठ साऱ्या गावाचा दणदणीत "होय महाराजा!" ऐकू आला.

मोरूनं मागं वळून पाहिलं.

"आये, कंचं कारण ठरलं असंल गं?" त्यानं विचारलं. "पलटणीत कुणी इचारलं, तर सांगाया पायजे."