माणुसकीचं कलम

“आत्ता कोणतं साल चालू आहे, काकू?” निकुंभने विचारलं.

अनसूयाबाईंनी छताकडे बघितलं. “शहाऐंशी.”

“आणि आज वार?”

“आषाढ.”

निकुंभने कागदावर एक टिंब दिलं. विमान कंपनीच्या कायदा विभागात त्याची चौदा वर्षं गेली होती. खरोखर विसरलेला माणूस आधी आठवायची धडपड करतो, लाजतो, विषय बदलतो. या बाईंची उत्तरं पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या कपांसारखी तयार होती.

प्रकरण साधं होतं. बाईंचा मुलगा देवव्रत कंपनीत को-पायलट. कंपनीने त्याला स्वखर्चाने विमान चालवायला शिकवलं आणि बदल्यात पाच वर्षांचा बाँड लिहून घेतला. मधेच सोडलं तर प्रशिक्षणाचा सगळा खर्च भरायचा, म्हणजे इंदिरानगरमधला हा फ्लॅट विकायचा. मात्र बाँडच्या सव्विसाव्या पानावर, वकिलांचा डोळा लागला असताना घुसावं तसं, माणुसकीचं एक कलम होतं. आई किंवा वडील अंथरुणाला खिळले किंवा भ्रमिष्ट झाले आणि सांभाळायला घरात दुसरं कोणीच नसलं, तर बाँड माफ. आजवर ते कोणालाही लागू झालं नव्हतं. कंपनीत तीनशे पायलट आहेत आणि प्रत्येकाला एक आई आहे, असं वरिष्ठांचं म्हणणं.

देवव्रतने त्याच कलमाखाली अर्ज केला होता. आईची स्मृती चालली आहे, मला सोडा, विमान नको, नाशकातच काहीतरी बघेन. अर्ज खोटा निघाला तर पूर्ण वसुली, हे पुढचंच कलम.

देवव्रतला निकुंभने अकरा वाजता मुंबई नाक्यावरच्या एका हॉटेलात सहीसाठी बोलावलं होतं. अकरा वाजता स्वतः मात्र तो इथे आला होता.

त्याने फाइल मिटली आणि उसासा टाकला. “वाईट वाटतं हो. पायलट मुलगा, दिसायला चांगला. पण त्याचं लग्न आता अवघड.”

अनसूयाबाईंची नजर छतावरून खाली आली. “का बरं?”

“आईचं डोकं फिरलंय म्हटल्यावर मुलीकडचे पायरी चढतील का? घराण्यातच आहे म्हणतील.”

“कोणाचं डोकं फिरलंय?” बाई ताडकन उठल्या. “अहो, नाटक आहे ते! देवूनेच पढवलंय मला. कंपनीचे लोक येतील, काही आठवत नाही म्हणायचं, मग ते मला सोडतील, म्हणाला. तो दवाखाना, ते डोक्याचे फोटो, सगळं त्यातलंच!”

“काय सांगता!”

“मग? एकोणतीसचा पाढा म्हणू?”

आणि बाईंनी म्हटला. दोनशे नव्वदपर्यंत, कुठेही न अडखळता. निकुंभला एकोणतीसचा पाढा येत नव्हता, पण ठसका ऐकून खात्री पटली.

“हे जरा यात बोला पाहू, काकू. मुलीकडच्यांना ऐकवायला बरं पडेल.” त्याने मोबाइल पुढे धरला. रेकॉर्डिंग नुसत्या आवाजाचं होतं, तरी बाईंनी पदर सारखा केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मग चहा आला. तीन कप. तिसऱ्यावर बाईंनी बशी झाकली. “हे येतीलच इतक्यात. पंचवटीत पूजा सांगायला गेलेत.”

“पण अर्जात तर लिहिलंय, घरात दुसरं कोणीच नाही.”

“लिहिलं असेल त्याने. बापलेकांचं कधी पटलंय?”

निकुंभने मोबाइल अजून बंद केला नव्हता. चहा फक्कड झाला होता. निघताना त्याने वाकून नमस्कार केला. बाईंनी तोंड भरून आशीर्वाद दिला.

खाली गाडीपाशी देवव्रतने त्याला गाठलं. स्कूटर कशीबशी स्टँडला लावून तो धावत आला होता. “साहेब, मी तिकडे तासभर बसलोय!”

निकुंभने रेकॉर्डिंग लावलं. देवव्रत मान खाली घालून ऐकत राहिला. पाढा झाला. चहा झाला.

“नाटक आहे असं मीच सांगितलंय तिला,” तो म्हणाला. “नाहीतर ती तपासणीला येईना. आजार म्हटलं की दिवसभर जेवत नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झालीत, साहेब. तो तिसरा कप रोज मी मोरीत ओततो.”

“हे कोर्टात सांगा. पण तिथे आधी आईंचं ऐकतील.”

“निदान एकदा डॉक्टरांशी तरी बोला!”

“परवाच बोललो,” निकुंभ गाडीत बसत म्हणाला. “ते म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत त्यांना एवढंसुद्धा सांगता येणार नाही. म्हणून तर घाईने आलो.”