दार अडवणारं औषध

"जन्मभर यीस्टला साखर घालून वाढवलं, डॉक्टरबाई. आता तेच मला खायला उठलंय," वेइको सालमेला म्हणाला आणि स्वतःच हसला.

डॉ. रूथ मॅकाडमला हसू आलं नाही. थंडर बे शहरातल्या या म्हाताऱ्या बेकरीवाल्याच्या रक्तात यीस्टच्याच जातीची बुरशी शिरली होती आणि नेहमीच्या औषधाला ती अजिबात दाद देत नव्हती. ताप असाच राहिला तर तो नाताळ बघणार नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही.

"ही बुरशी औषध आत घेते आणि मागच्या दारानं बाहेर फेकते," रूथ म्हणाली. "म्हणून जोडीला दुसरं औषध. ते तिला मारत नाही, नुसतं दार अडवतं. मग पहिलं आपलं काम करतं. पण ही चाचणी आहे. निम्म्यांना दुसरं औषध मिळेल, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. कुणाला काय, ते मलाही शेवटी कळणार."

"मी बेकरीवाला. पिठाला घाबरतो होय?"

काय माणूस होता! त्याच्या खोलीत सगळे झगे-हातमोजे चढवून जात आणि हसत बाहेर येत. मुलं रोज वेलदोड्याचा पाव पाठवत. नर्सना मिळाला का, हे विचारल्याशिवाय हा तुकडा मोडत नसे. वर्षापूर्वी बायको सिर्का गेली, पण सुतकी चेहरा कधी नाही. शौक एकच, पुदिन्याच्या गोळ्या. रोज सकाळी डबीतून एक तोंडात टाकायचा.

"मला नाही देणार?" रूथनं एकदा विचारलं.

"तुमचे दात किडतील." त्यानं डबी उशीखाली सरकवली.

हळूहळू ताप उतरला. मग रक्तही स्वच्छ आलं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत बुरशीचा ठिपकासुद्धा उगवला नाही, तेव्हा रूथच्या डोळ्यांत पाणी आलं. दार अडवणाऱ्या औषधाचं तिला कौतुक वाटलंच, पण म्हाताऱ्याच्या जिगरीचं जास्त.

वसंतात तो तपासणीला आला, काखेत पाव घेऊन. रूथ गंभीर होती.

"चाचणी संपली, वेइको. तुम्हाला पिठाचीच गोळी मिळाली होती."

"मग मी बरा कसा झालो?"

"तेच तर. दार कशानं तरी अडवलं. वॉर्डात एक बाई आहे, तीच बुरशी, तिच्यापुढे आम्ही हात टेकलेत. खरं सांगा, तुम्ही आणखी काही घेत होतात?"

वेइकोनं पाव बाजूला ठेवला. मग खिशातून डबी काढून त्यानं टेबलावर उघडली.

"उदासीवरच्या गोळ्या आहेत," तो म्हणाला. "सिर्का गेल्यापासून यांच्याशिवाय अंथरुणातून उठवत नाही. त्या बाईला उपयोग होतो का बघा. पण माझ्या पोरांनी विचारलं, तर डबीत पुदिनाच होता."