बोटांचे घट्टे

मुलांनो, कल्पना करा: गिटारचे सर येताहेत आणि तुम्ही आठवडाभर गिटारला हातही लावलेला नाही! शाल्मलीची तीच गत होती. डाबरे सर आल्या आल्या बोटांची टोकं तपासत. तारा दाबून घट्टे पडले नसतील, तर शनिवारच्या कार्यक्रमातून नाव कटणार.

तिने टाचा घासायची वज्री आणली आणि धाकट्या भावाला समोर बसवून त्याच्याकडून आपली बोटं खरखरीत होईपर्यंत घासून घेतली.

सर आले. तिने ऐटीत हात पुढे केला.

"वा! बरीच मेहनत केलीस गं," सर म्हणाले. "पण बाळ, तारा डाव्या हाताने दाबतात. हा तर उजवा!"

शाल्मलीने भावावर डोळे वटारले, चटकन गिटार उलटी फिरवून धरली आणि गोड हसून म्हणाली, "सर, आजपासून मी डावखुरी!"