हातभर दोर

दोराचा पहिला पेड तुटला तो तिच्या डोळ्यांदेखत. टक्‌ असा आवाज आला आणि तीन पेडांचे दोन राहिले.

दोराच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा होता. चौदाव्या मजल्याबाहेर फळीवर बसून भिंत रंगवत होता. गच्चीतल्या लोखंडी खांबाला दोराचे दोन वेढे आणि शेपूट तिच्या मुठीत. कठड्यावरचं गोणपाट वाऱ्यानं पळवलं होतं, दोर नुसत्या धारेवर घासत होता. वाराही असा, की कबुतरं तोंड पुढे करून मागे चालली होती.

तीन दिवस दोघांत अबोला होता. त्यानं तिच्या बहिणीसमोर तिच्या घोरण्याची नक्कल केली होती, तीही हुबेहूब. तेव्हापासून दोनच शब्द उरले होते, तेही कामाचे. 'धर' म्हणजे थांब. 'सोड' म्हणजे हातभर दोर खाली.

त्याच्या खाली चार हातांवर तेराव्या मजल्याची खिडकी उघडी होती. सकाळी तिनंच पाहिली होती. तिथवर पोचला तर वाचला. पण दोर भसकन सोडावा, तर हिसक्यानं तुटणार. धरून ठेवावा, तर धारेवर कापला जाणार.

हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलेलं. म्हातारा मोठा इरसाल. दोराला अंड्यांची टोपली बांधायची, सुनेला ती गच्चीवरून खाली सोडायला लावायची आणि आपण तिच्या कानाशी बसून तिच्या माहेराची टिंगल करायची. भावाच्या टकलापासून सुरुवात. पहिल्या महिन्यात इतकी अंडी फुटली, की गल्लीतल्या मांजरांना चालताना दम लागायला लागला.

"माझी जीभ तुझ्या हातात नाही, पोरी," ते म्हणायचे. "वाराही नाही. तुझ्या हातात हातभर दोर आहे. तेवढाच बघ."

वर्षभरानं अख्खं माहेर उद्धरून झालं, तरी टोपली जमिनीला अशी टेकायची, की अंड्यांना पत्ता लागायचा नाही.

वाऱ्यातून नवऱ्याची हाक आली. निम्मी वाऱ्यानं खाल्ली. वर पोचला तो एकच शब्द.

"सोड."

तिनं कठड्यावरची नजर काढून मुठीवर आणली. एक हात दिला. थांबली. दुसरा हात. तुटका भाग कठड्यापलीकडे गेला, दिसेनासा झाला. तिसरा. पुन्हा टक्‌. आता अख्खा संसार एका पेडावर लोंबत होता. मूठ म्हणत होती, दे सोडून आणि हो मोकळी. तिनं मुठीचं ऐकलं नाही. झोपलेल्या तान्ह्याच्या डोक्याखालून हात काढावा, तसा तिनं चौथा हात दिला.

दोर एकदम सैल पडला.

कठड्यापर्यंत जाऊन बघायचा तिला धीर होईना. ती खांबाला टेकून खाली बसली. मुठी तशाच आवळलेल्या.

किती वेळानं कोण जाणे, जिन्यात पावलं वाजली. नवरा गच्चीत आला. अंगभर निळा रंग, तोंड मात्र पांढरंफटक. तिच्यासमोर मटकन बसला आणि तिची मूठ एकेक बोट करून उघडायला लागला.

"दोर सोड असं कधी म्हटलं गं मी?" तो म्हणाला. "मी तर निरोप घेत होतो. अबोला सोड म्हणालो."