येसबाची टोपी

बेचाळीसनंतर कैदी पळायला लागले, तशी तुरुंगात माग काढणारी कुत्री आली. तिचं नाव जिमी. तिला शिकवायचं तर रोज कुणीतरी खोटंखोटं पळायला हवं. ते काम आटपाडीच्या येसबा कैद्याच्या वाट्याला आलं. सकाळी आपली टोपी हवालदाराच्या हाती द्यायची आणि तुरुंगाच्या मळ्यात, उसात जाऊन दडायचं. टोपी हुंगून जिमी सुटायची ती थेट येसबाच्या अंगावर पाय टाकून त्याचं तोंड चाटायची. तीन वर्षांत त्याच्याकडं दुसरं कुणी आलं म्हणून नाही.

शिक्षा संपली, येसबा गावी गेला. आणि आठव्याच दिवशी सकाळी पुन्हा फाटकाशी हजर!

"काय रं येसबा, काय इसरलास का?" सयाजी हवालदारानं विचारलं.

"न्हाई जी. भावानं दाराची कडी काढली न्हाई. गावात बी कोण हाक मारंना."

येसबानं डोक्यावरची टोपी काढून पुढं केली.

"आवं, एवढी जिमीला हुंगाया द्या. मी उसात जाऊन बसतो."